मल्टिमीटर घ्यायचाय? प्रोब कुठे टेकणार ते आधी ठरवा

व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा मल्टिमीटर आता वायरमनच्या पिशवीतून निघून घराघरांत शिरला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, छतावरच्या तीन किलोवॉटच्या सौर यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. शेतात सौरपंप आले, दारात इलेक्ट्रिक स्कूटर उभी राहिली. पॅनेल नीट चालतंय का, बॅटरी उतरलीय की चार्जरच गेलाय, हे आपलं आपण तपासावंसं वाटणं साहजिक आहे. मग माणूस पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातो, नाहीतर मोबाइल उघडतो. पुढ्यात येतात दोनशे रुपयांपासून वीस हजारांच्याही पुढचे मीटर. सगळ्यांना तोच गोल नॉब आणि टोकदार प्रोब असलेल्या त्याच लाल-काळ्या वायरी. खोक्यावर मात्र ‘६००० काउंट’, ‘ट्रू आरएमएस’, ‘कॅट-३ ६०० व्होल्ट’ अशी भाषा, जिचा अर्थ दुकानदारही क्वचितच सांगतो.

दुकानदार दाखवतो ते काउंट, दिवा आणि जास्तीची फंक्शन्स. माझ्या मते बघण्याचा क्रम उलटा हवा. हे प्रोब तुम्ही कुठे टेकवणार, आणि तिथे काही चुकलं तर मीटर ते सोसेल का, हा पहिला प्रश्न. आकडे किती बारीक दिसतात, हा त्यानंतरचा.

मीटरच्या आत काय होतं

व्होल्टेज मोजताना मीटर दोन बिंदूंना नुसता चिकटतो. त्याचा आतला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, बहुतेक मीटरमध्ये एक कोटी ओहम असतो, त्यामुळे त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही.

करंट मोजताना गोष्ट नेमकी उलटी होते. तिथे वायर तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, म्हणजे सगळा प्रवाह मीटरमधून जातो. त्याला अडथळा होऊ नये म्हणून आत रोध जवळपास शून्य ठेवलेला असतो. अँपिअरच्या सॉकेटपासून ‘कॉम’ सॉकेटपर्यंत आत एक जाड तार किंवा पट्टी असते आणि असलाच तर एक फ्यूज, बाकी काही नाही.

रोध आणि कंटिन्युइटी, म्हणजे बीप वाजवून तार सलग आहे का ते बघणं, हे मीटर स्वतःच्या सेलवर करतो. म्हणून ते फक्त वीज बंद असलेल्या ठिकाणी करायचं.

या तीन कामांतला फरक ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कॅट-२, कॅट-३, कॅट-४ म्हणजे काय

कॅट म्हणजे कॅटेगरी. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकातली ही वर्गवारी, मीटरच्या सॉकेटशेजारी रोमन आकड्यांत छापलेली असते. पाटाच्या पाण्याकडे बघा. कालव्याच्या दारापाशी जोर असतो, चारीत तो कमी होतो, वाफ्यात पोहोचेपर्यंत पाणी निवतं. विजेचंही असंच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या जितकं जवळ जाल तितका शॉर्ट झाल्यावर येणारा प्रवाह मोठा. व्होल्टेज सगळीकडे २३० असतं, पण मागचं बळ सारखं नसतं.

भिंतीतल्या प्लगला लावायचा मिक्सर, टीव्ही, चार्जर हे कॅट-२. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, भिंतीत बसवलेलं वायरिंग, मोटरचा स्टार्टर हे कॅट-३. महावितरणच्या मीटरपाशी, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर किंवा बाहेरच्या ओव्हरहेड लाइनवर काम असेल तर कॅट-४. शेतातल्या पंपाची पेटी मला कायम या शेवटच्या गटाजवळची वाटते. उघड्या माळावरची तारांची लाइन थेट तिथे येते, आणि वीज कडाडली की तिचा धक्का त्याच तारेतून येतो.

धक्का म्हणजे क्षणभर उसळलेलं हजारो व्होल्टचं व्होल्टेज. ते लाखांश सेकंदांत विरतं. पण तेवढ्यात मीटरच्या आत दोन बिंदूंमध्ये ठिणगी पडली, तर तीच वाट धरून मागून २३० व्होल्टचा खरा प्रवाह घुसतो. मीटर फुटतो तो या दुसऱ्या प्रवाहाने. म्हणून चांगल्या मीटरच्या आत सॉकेटांमधलं अंतर जास्त ठेवतात, पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीवर, खाचा कापतात आणि धक्का शोषणारे भाग बसवतात.

आता यातली मेख. कॅट-२ १००० व्होल्टचा मीटर भारी की कॅट-३ ६०० व्होल्टचा? दोघांचीही चाचणी ६००० व्होल्टच्या धक्क्याने होते. पण कॅट-२ च्या चाचणीत त्या धक्क्यामागे १२ ओहमचा रोध असतो आणि कॅट-३ च्या चाचणीत फक्त २ ओहमचा. भागाकार केला की पहिल्यात ५०० अँपिअर येतात, दुसऱ्यात ३०००. म्हणजे बोर्डावर काम करायला ६०० व्होल्टवाला कॅट-३ अधिक खात्रीचा. नुसता मोठा आकडा बघून घेतलं की इथे फसगत होते.

शिक्का छापला म्हणजे तो खरा असतो का

नाही. कॅटचा शिक्का कोणीही छापू शकतो, आणि हलक्या मीटरवर तो सर्रास छापलेला असतो. सीई हे युरोपचं चिन्हही साधारणपणे बनवणाऱ्याने स्वतःच केलेलं जाहीर कथन असतं. बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्याची खूण म्हणजे यूएल, सीएसए, टीयूव्ही किंवा इंटरटेक यांची चिन्हं. तीही खोटी छापता येतात, पण त्यांच्या याद्या उघड असल्याने मॉडेल क्रमांक पडताळून बघता येतो.

मीटरइतकाच शिक्का वायरींवरही बघा. कॅट-३ चा मीटर आणि बिनशिक्क्याच्या वायरी, तर सगळा संच बिनशिक्क्याचा. कॅट-३ आणि कॅट-४ च्या प्रोबचं टोक फक्त चार मिलिमीटर उघडं असतं, बाकी प्लॅस्टिकने झाकलेलं. लांब उघडं टोक बोर्डात घातलं आणि हात जरा तिरपा झाला, तर फेज आणि न्यूट्रलच्या स्क्रूंना एकदम टेकतं. ते टोक म्हणजे मग शॉर्ट करणारी सळईच. चांगल्या प्रोबबरोबर बहुधा टोपणं येतात. लोक ती पहिल्याच दिवशी काढून टाकतात. टाकू नका.

फ्यूज: जिथे खरा पैसा लागतो

मल्टिमीटरमुळे होणारे वाईट अपघात बरेचदा एका चुकीने होतात. कोणीतरी करंट मोजतो, लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात तशीच राहते. दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी नॉब व्होल्टवर फिरवतो आणि प्रोब प्लगमध्ये घालतो. नॉब कुठेही असो, त्या सॉकेटामागे जवळपास शून्य रोधाची पट्टी आहे. म्हणजे त्याने फेज आणि न्यूट्रल एकमेकांना जोडले. हातात मीटर, मध्ये उघडा शॉर्ट.

अशा वेळी माणूस आणि आग यांच्यामध्ये फक्त फ्यूज असतो. सगळीकडे दिसणाऱ्या पिवळ्या डीटी-८३० धाटणीच्या मीटरवर १० अँपिअरच्या सॉकेटाशेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की इथे फ्यूज नाही. हा दोष लपवलेला नाही, छापलेला आहे, फक्त कोणी वाचत नाही. त्याहून जरा महाग मीटरमध्ये काचेचा छोटा फ्यूज असतो. तो २५० व्होल्टचा असला तरी मानकाप्रमाणे त्याच्या आकड्याच्या दहापट प्रवाहच, म्हणजे १० अँपिअरवाला असेल तर १०० अँपिअर, सुरक्षितपणे तोडेल इतकीच हमी असते.

आता घरातल्या बोर्डाचं झाकण उघडून एमसीबीवर बघा. चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा दिसेल. शॉर्ट झाल्यावर तेवढे अँपिअर येऊ शकतात असं धरून ती तोडण्याची ताकद एमसीबीला दिलेली असते. त्याच बोर्डात आपण जेमतेम १०० अँपिअर तोडू शकणारा काचेचा फ्यूज असलेला मीटर घालतो. फ्यूजमधली तार वितळते, पण तिच्या वाफेतून ठिणगी चालूच राहते आणि काच फुटते.

यावरचा उपाय म्हणजे एचआरसी फ्यूज, मोठा प्रवाह तोडण्यासाठीच बनवलेला. बोटाच्या पेराएवढी सिरॅमिकची नळी, आत वाळू. तार वितळली की वाळू काचेसारखी होऊन ठिणगी गिळते. चांगल्या मीटरमध्ये १००० व्होल्टचा, ११ अँपिअरचा असा फ्यूज असतो आणि तो १०,००० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह तोडतो. तो एकटा काही शे रुपयांना पडतो, म्हणजे अख्ख्या पिवळ्या मीटरपेक्षा महाग. तीनशे रुपयांच्या मीटरमध्ये तो नसणारच, हे यावरून कळावं.

दोन पळवाटा आहेत, आणि दोन्ही चांगल्या. काही कंपन्या लाल वायर चुकीच्या सॉकेटात असेल तर मीटर बोंबलेल अशी सोय देतात, काही मीटरमध्ये नॉब फिरवला की नको ते सॉकेट झाकणाने बंदच होतं. दुसरी वाट म्हणजे करंट मोजणारं सॉकेटच नसलेला मीटर घेणं. फ्लूक कंपनीचा १०१ हा मीटर असा आहे: खिशात मावणारा, ६००० काउंट, कॅट-३ ६०० व्होल्ट, पण अँपिअर मोजतच नाही. ही उणीव म्हणून सांगितली जाते. घरात वापरायच्या मीटरसाठी मला तो गुण वाटतो. २३० व्होल्टवरचा करंट बघायचाच असेल तर वायरला न तोडता बाहेरून मिठी मारणारा क्लॅम्प मीटर घ्यावा.

काउंट, अंक आणि अचूकता

काउंट म्हणजे पडद्यावर मीटर कुठपर्यंत मोजू शकतो. २००० काउंटचा मीटर १९९९ पर्यंत जातो. म्हणून २३० व्होल्ट त्याला दशांशासकट दाखवता येत नाहीत, तो नुसतं २३० म्हणतो. ६००० काउंटचा मीटर २३०.४ दाखवतो.

पण बारीक दाखवणं आणि बरोबर दाखवणं वेगळं. अचूकता माहितीपत्रकात ±(१.२% + १० अंक) अशी लिहितात. टक्के मोजलेल्या आकड्याचे, आणि ‘अंक’ म्हणजे शेवटच्या स्थानावर इतक्यांचा फरक. पिवळ्या मीटरच्या एसी रेंजला साधारण हेच आकडे दिलेले आढळतात. २३० चे १.२% म्हणजे पावणेतीन व्होल्ट, वर दहा अंक म्हणजे आणखी दहा व्होल्ट. एकूण जवळपास १३. पडद्यावर २३० दिसले तर खरं व्होल्टेज २१७ ते २४३ यांत कुठेही असू शकतं, आणि मीटर तरीही त्याच्या कागदाप्रमाणे बरोबरच. ६००० काउंटच्या, ±(१% + ३ अंक) असलेल्या मीटरमध्ये हाच फरक सुमारे २.६ व्होल्ट. ‘व्होल्टेज कमी येतंय’ अशी तक्रार करायची असेल तर कुठल्या मीटरवर विसंबायचं, ते उघड आहे.

याच्या पुढे २०,००० काउंट वगैरे इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावरची गरज. घरासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

ट्रू आरएमएस हवं का

एसी व्होल्टेज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतं. २३० व्होल्ट म्हणतो तेव्हा शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं. मग २३० कशाचे? जेवढ्या डीसी व्होल्टेजने हीटर तितकाच तापेल, तो आकडा. त्याला आरएमएस म्हणतात.

स्वस्त मीटर तो खरोखर काढत नाही. तो लहरीची सरासरी घेतो आणि १.११ ने गुणतो. लहर सुबक गोलाईची असेल तर उत्तर बरोबर येतं. घरातल्या जुन्या धाटणीच्या इन्व्हर्टरची लहर मात्र चौकोनी असते. पूर्ण चौकोनी असेल तर मीटर ११ टक्के जास्त दाखवेल. मध्ये थांबे घेणारी असेल आणि निम्मा वेळ व्होल्टेज शून्यावर असेल, तर खरे २३० व्होल्ट असूनही मीटर १८० च्या आसपास दाखवेल. अशा वेळी इन्व्हर्टर खराब झाला असं समजून दुरुस्तीला नेणारे लोक असतात. एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टरवाले एअर कंडिशनर यांचा करंटही असाच तुटक, टोकदार असतो, आणि साधा मीटर तो बराच कमी दाखवतो.

भाड्याच्या खोलीत प्लगचं व्होल्टेज आणि गाडीची बॅटरी एवढंच बघायचं असेल तर ट्रू आरएमएस नसलं तरी अडत नाही. पण इन्व्हर्टर, यूपीएस, दुरुस्तीचं काम असेल तर घ्याच. एमआयडीसीत ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या मोटरी बघणाऱ्यांना तेही पुरत नाही. तिथे वेगवान ठिणग्यांसारख्या लहरी गाळणारा फिल्टर असलेला मीटर लागतो.

‘बंद तारेत ८० व्होल्ट दाखवतोय, म्हणजे मीटर बिघडला?’

बहुतेक वेळा नाही. भिंतीतल्या एकाच पाइपात चालू तारेशेजारी एखादी सुटी तार असेल तर दोघींमधल्या प्लॅस्टिकच्या पलीकडून थोडासा प्रभाव तिच्यात उतरतो. मीटरचा रोध एक कोटी ओहम असल्याने एवढासा प्रभावही तो व्होल्टेज म्हणून दाखवतो. जुने वायरमन टेस्ट लॅम्प लावून बघतात तो याच कारणाने: दिवा थोडा प्रवाह ओढतो आणि भासातलं व्होल्टेज लगेच कोसळतं. काही मीटरमध्ये ‘लो-झेड’ नावाची जागा असते, तिथे आतला रोध काही हजार ओहमवर आणला जातो. घरचं वायरिंग तपासणाऱ्याला ही सोय मोलाची आहे, पण जाहिरातीत ती सहसा मागे पडते.

उलट बाजूनेही जपायला हवं. मीटर शून्य दाखवतो म्हणून तार बंद आहे असं धरू नका. आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर तपासा, मग ती तार, मग पुन्हा तोच प्लग. प्रोबची तार आतून तुटलेली असली तरी मीटर शून्यच दाखवतो. तारेजवळ नेल्यावर बीप करणारी सोय, एनसीव्ही, ही फक्त अंदाजासाठी. तिच्या भरवशावर तारेला हात लावू नये.

सौर पॅनेलवर मीटर लावताना

सध्याच्या ५४० वॉटच्या पॅनेलचं खुलं व्होल्टेज, म्हणजे त्याला काहीही न जोडता मिळणारं, पन्नासच्या आसपास असतं. तीन किलोवॉटसाठी सहा पॅनेल एका माळेत जोडली की ३०० व्होल्ट डीसी झाले. गारठ्याच्या सकाळी ते आणखी वाढतात. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातं, त्यामुळे ठिणगी आपोआप विझायला संधी मिळते. डीसीला तो विसावा नाही. जुळलेली ठिणगी ओढली की लांबते आणि जळत राहते.

म्हणून मीटरवर डीसीचा कमाल आकडा बघा. छोट्या मीटरवर तो ५०० असू शकतो, आणि पंपाच्या लांब माळेत त्याच्या पुढे जायला वेळ लागत नाही. फ्यूजवर डीसीचंही व्होल्टेज लिहिलेलं हवं, कारण एसीसाठी पुरणारा फ्यूज डीसीला पुरेलच असं नाही. पॅनेलचा शॉर्टसर्किट करंट तेरा-चौदा अँपिअर असतो, म्हणजे १० अँपिअरच्या सॉकेटाला तो तसाही पेलणार नाही. करंटसाठी डीसी क्लॅम्प लागतो. बाजारातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, तेव्हा क्लॅम्पच्या नॉबवर अँपिअरच्या चिन्हाशेजारी सरळ रेघ आहे का ते बघा, नुसती नागमोडी असेल तर तो डीसी मोजत नाही.

खरं सांगायचं तर छतावरच्या यंत्रणेचं डीसी व्होल्टेज इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा ॲपमध्ये दिसतंच. फक्त तेवढ्यासाठी मीटर घेऊन छतावर चढू नये.

‘मला घरासाठी हवाय, एवढं कशाला?’

प्रश्न रास्त आहे. सेल, मोटरसायकलची बॅटरी, मुलांचे शाळेतले प्रयोग, खेळण्यातली तुटलेली तार एवढ्यासाठी पिवळा मीटर पुरतो. त्याला प्लगमध्ये कधीच घालायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

भिंतीतल्या विजेला हात घालणार असाल तर माझी किमान अट: कॅट-३ ६०० व्होल्ट, तपासणीचं चिन्ह, आणि एकतर अँपिअरचं सॉकेट नको, नाहीतर त्यामागे एचआरसी फ्यूज हवा. परदेशी नावांतच अडकायचं कारण नाही. मोटवाने आणि ऋषभ या दोन्ही नाशिकच्या कंपन्या मल्टिमीटर बनवतात, आणि दुरुस्तीसाठी माणूस जवळ असणं ही मोठी सोय.

जास्तीच्या फंक्शनांतलं एकच मी घराला सुचवेन: कपॅसिटर मोजण्याचं. छताचा पंखा मंदावला की बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो. अंगावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि मीटर १.६ दाखवतो. बोर्डाचा मेन स्विच बंद करा, कपॅसिटर सोडवा, त्याची दोन टोकं एका रोधाने जोडून आतली वीज उतरवा, मगच मोजा. पन्नास-शंभर रुपयांत पंखा पुन्हा वारा देऊ लागतो.

दुकानात हातात घेतल्यावर

नॉब कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. बीप लगेच आणि न अडखळता वाजायला हवी. रोधावर ठेवलं की अर्ध्या ओहमच्या आत आकडा दिसावा. तेवढ्यात वायर मुळाशी वाकवून बघा, आकडा नाचला तर वायरी बाद. सेल कोणता लागतो ते विचारा: नऊ व्होल्टचा चौकोनी सेल गावात पटकन मिळत नाही, पेन्सिल सेल कुठेही मिळतात. सेल उतरल्याची खूण पडद्यावर दिसते का तेही बघा, कारण उतरलेल्या सेलवर काही मीटर व्होल्टेज फुगवून दाखवतात.

मागचं झाकण उघडून फ्यूज बघू द्या असं म्हणा. सेल बदलायला जे झाकण उघडतं त्यातूनच फ्यूज निघत असेल तर उत्तम. पांढरी, अपारदर्शक नळी आणि तिच्यावर ६०० किंवा १००० व्होल्ट लिहिलेलं दिसलं की त्याच मापाचा एक जादा फ्यूज त्याच बिलात घ्या. वर्षभराने तो जळतो तेव्हा नेमका मिळत नाही, आणि मग लोक त्या जागी काचेचा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवतात.